शरीररचनाशास्त्राला देह कोणी दिले

प्रौढ माणसाच्या सांगाड्यात २०६ हाडे असतात. हृदयाला चार कप्पे असतात, उजव्या फुप्फुसाला तीन खंड आणि डाव्याला दोन. यकृत उजव्या बरगड्यांच्या आडोशाला असते, प्लीहा डावीकडे. शाळेच्या पुस्तकात ही माहिती पानभरात संपते आणि ती कोणी, कशी मिळवली याचा उल्लेखही तिथे नसतो. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. त्याआधी शरीराच्या आत काय आहे हे जाणून घेण्याचा खात्रीचा मार्ग एकच होता: मेलेल्या माणसाचे शरीर उघडून पाहणे. त्यामुळे या शास्त्राच्या इतिहासाला दोन पदर आहेत. एका पदरात ग्रंथ, शोध आणि शास्त्रज्ञांची नावे येतात. दुसऱ्या पदरात ज्यांची शरीरे उघडली गेली ती माणसे येतात, आणि त्यांतल्या फार थोड्यांची नावे कुठे नोंदलेली आहेत. हा दुसरा पदर सोडून पहिला नीट कळत नाही, कारण देह कोणाचा, कोठून आणि कोणत्या अवस्थेत हाती आला यावरच त्यातून काय कळणार हे ठरत असे.

भारतात याचे सर्वांत सविस्तर जुने वर्णन सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात आहे. देह कसा निवडावा इथपासून त्याची सुरुवात होते. सगळे अवयव शाबूत असलेला, विषाने न मेलेला, दीर्घ आजाराने न खंगलेला, शंभरी न गाठलेला देह घ्यावा. आतड्यांतला मळ काढून टाकावा. मग सर्वांग मुंज गवत, झाडाची साल, कुश किंवा ताग यांपैकी कशाने तरी गुंडाळून देह पिंजऱ्यात ठेवावा आणि तो पिंजरा वाहत्या नदीत आडबाजूला बांधून ठेवावा. सात रात्रींनंतर, देह पुरता कुजला की बाहेर काढावा आणि वाळा, केस, बांबू किंवा बल्वज गवताच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक भाग डोळ्यांनी पाहावा. शस्त्राचा इथे उल्लेख नाही. नुसते शास्त्र वाचून शल्यचिकित्सक होता येत नाही, प्रत्यक्ष पाहिलेले आणि शास्त्रात वाचलेले या दोहोंचा मेळ घालावा लागतो, असे हा ग्रंथ स्पष्ट बजावतो.

या पद्धतीतून काय साधले ते हाडांच्या मोजणीत दिसते. सुश्रुताच्या मते हाडे ३००: हातापायांत १२०, धडात ११७ आणि मानेपासून वर ६३. चरकसंहितेतला आकडा ३६० आहे. आजच्या २०६ शी तुलना करताना हे लक्षात घ्यावे लागते की सुश्रुताने दात आणि कूर्चाही हाडांतच धरल्या आहेत. दातांना त्याने ‘रुचक’ आणि कूर्चांना ‘तरुण’ अशी वेगळी नावे दिली आहेत. हातापायांच्या हिशेबाकडे मात्र बारकाईने पाहावे असा तो आहे. एका पायात तो ३० हाडे मोजतो: पाच बोटांत प्रत्येकी तीन म्हणजे १५, तळवा, कूर्च (इथे कूर्चा नव्हे, पायाचाच एक भाग) आणि घोटा मिळून १०, टाचेत एक, पोटरीत दोन, गुडघ्यात एक, मांडीत एक. आजचे पाठ्यपुस्तकही कमरेच्या हाडाखाली एका पायात ३० च हाडे सांगते: मांडीचे एक, गुडघ्याची वाटी, नडगी आणि तिच्या शेजारचे बारीक हाड, घोट्याची आणि टाचेची मिळून सात, तळव्याची पाच आणि बोटांची चौदा. बेरीज जुळते, तपशील थोडा हुकतो. पायाच्या अंगठ्यात तीन नव्हे, दोनच हाडे असतात. सगळ्या बोटांना एकच नियम लावल्याने तिथे एक हाड जास्त मोजले गेले. इतक्या जुन्या काळी कुजवलेल्या देहावर कुंचला फिरवणाऱ्या माणसाची नजर किती बारीक होती, याची कल्पना यावरून यावी.

पण नदीच्या पाण्याने जसे दाखवले तसे लपवलेही. सात दिवसांत मेंदूचा लगदा होतो, बारीक रक्तवाहिन्या विरतात, मज्जातंतू आणि स्नायूंचे धागे एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. हाडे, सांधे आणि अस्थिबंध यांच्याबाबत हा ग्रंथ जितका ठाम आहे तितका आतल्या मऊ अवयवांबाबत नाही. ७०० शिरा, ९०० स्नायू (म्हणजे अस्थिबंध), ५०० पेशी (म्हणजे आज ज्यांना स्नायू म्हणतो ते), २१० संधी आणि १०७ मर्मे असे आकडे तिथे आहेत. त्यांतली मर्मे शल्यकर्माच्या अनुभवातून आलेली दिसतात, कारण कुठल्या जागी घाव बसला तर माणूस तात्काळ मरतो आणि कुठे बसला तर पंगू होतो हे जखमी माणसांवरून कळत असे. शिरांचे जाळे मात्र बरेचसे अनुमानाने भरलेले आहे. दोष निरीक्षकाचा नव्हता, साधनाचा होता.

पुढच्या शतकांत ही परंपरा थांबली. प्रेताच्या स्पर्शाचा विटाळ हे त्याचे मोठे कारण मानले जाते आणि ते पटण्यासारखे आहे. पाठ केलेले शारीर चालू राहिले, पाहिलेले शारीर बंद झाले. शरीराचे हाताने मिळवलेले ज्ञान त्यामुळे नाहीसे झाले असे मात्र नाही. ते हाडवैद्यांकडे, सुइणींकडे आणि काही कारागीर जातींकडे राहिले. याचा एक पुरावा पुण्याचा आहे. इंग्रजी फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपूच्या हाती सापडला, तेव्हा त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा-भांडी घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. क्रूसो आणि फिंडले या इंग्रज शल्यवैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कपाळाच्या कातडीचा देठ तोडला नाही तर रक्तपुरवठा टिकतो आणि कातडी जगते, हे पुण्याच्या त्या कारागिराला पक्के ठाऊक होते. त्याचे नाव मात्र त्या हकीकतीत नाही.

युरोपातही रस्ता सरळ नव्हता. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि एरासिस्ट्राटस यांनी मानवी देह उघडले. त्यानंतर तिथेही ही वाट बंद झाली. दुसऱ्या शतकातल्या गेलनने माकडे आणि डुकरे कापून माणसाचे वर्णन लिहिले आणि ते जवळपास तेराशे वर्षे प्रमाण मानले गेले. पादुआत शिकवणाऱ्या आंद्रेयास व्हेसालियसने १५४३ साली आपला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध करून गेलनच्या चुका दाखवल्या. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकाच हाडाचा असतो, ही त्यांतलीच एक. १६२८ मध्ये विल्यम हार्वेने हृदय हा रक्त पुढे ढकलणारा पंप आहे आणि रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयाकडे येते, हे सिद्ध केले. व्हेसालियसला मिळणारे देह बहुतेक फाशी गेलेल्या गुन्हेगारांचे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये वैद्यकीय विद्यार्थी वाढले, पण फाशीची प्रेते पुरेनात. मग थडगी उकरून प्रेते विकणाऱ्यांचा धंदा उभा राहिला. एडिंबरात बर्क आणि हेअर यांनी त्याहून पुढची पायरी गाठली. १८२८ साली त्यांनी १६ माणसे मारून त्यांचे देह रॉबर्ट नॉक्स या शरीररचनेच्या शिक्षकाला विकले. बर्कला १८२९ च्या जानेवारीत फाशी झाली आणि शिक्षेचा भाग म्हणून त्याच्याच देहाचे विच्छेदन झाले. त्याचा सांगाडा आजही एडिंबरात आहे. या प्रकरणाने हादरलेल्या पार्लमेंटने १८३२ साली ॲनाटॉमी ॲक्ट केला. अनाथालये, दरिद्री-गृहे आणि रुग्णालये यांत मरण पावलेल्या, कोणीही मागणी न केलेल्या माणसांचे देह वैद्यकीय शाळांना द्यावेत, असे या कायद्याने ठरवले. थडगी सुरक्षित झाली, पण त्याची किंमत गरिबांनी मोजली. ज्याच्याकडे दफनाचे पैसे नव्हते त्याचा देह टेबलावर जाणार, हे आता कायद्याने ठरले होते. पुढे भारतात आलेली पद्धत याच साच्यातली होती.

ती येण्याआधी एका मराठी राज्यकर्त्याने या शास्त्राकडे पाहिले होते. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) ग्रंथसंग्रहासाठी प्रसिद्ध आहेत, पण वैद्यकाचा त्यांचा नादही तितकाच मोठा होता. शरीररचना शिकण्यासाठी त्यांच्याकडे सांगाडा होता तो हस्तिदंताचा. खऱ्या हाडांचा विटाळ टाळून खरे ज्ञान मिळवण्याची ही वाट होती, आणि ती काढायला चांगले कारागीर आणि भरलेला खजिना दोन्ही लागत. सरस्वती महाल ग्रंथालयात डोळ्यांच्या रुग्णांच्या त्यांच्या काळातल्या नोंदी चित्रांसह जपलेल्या आहेत. हस्तिदंताच्या सांगाड्यावर हाडे शिकता येतात. पण हाडाला चिकटलेला स्नायू, त्याखालून जाणारी धमनी आणि तिच्या बाजूचा मज्जातंतू त्यावर दिसत नाहीत.

कोलकात्यात १८३५ साली मेडिकल कॉलेज निघाले आणि पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, मधुसूदन गुप्त यांनी तिथे मानवी देहाचे विच्छेदन केले. ते वैद्य घराण्यातले होते आणि आधी संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकवत. आधुनिक भारतातले हिंदूच्या हातचे पहिले विच्छेदन म्हणून त्याची नोंद होते. त्या दिवशी फोर्ट विल्यममधून तोफांची सलामी झाली अशी कथा पुढे रूढ झाली. कथा खरी असो वा नसो, ती सांगितली गेली यावरून त्या घटनेचे वजन कळते.

मुंबईत सुरुवात आधी झाली होती, पण ती टिकली नाही. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, १८२६ साली, डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या हाताखाली एतद्देशीयांसाठी वैद्यकाची शाळा निघाली. शिकवणे देशी भाषांत होते. १८३२ मध्ये सरकारने ती बंद केली. त्यानंतर गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट आणि डॉ. चार्ल्स मोरहेड यांनी नव्या संस्थेचा आराखडा मांडला. ग्रँट १८३८ साली दापोडीला वारले आणि लोकांनी वर्गणी काढून त्यांच्या नावाने कॉलेज उभारायचे ठरवले. सर जमशेटजी जीजीभाई यांची मोठी देणगी आणि सरकारचा वाटा यांतून शेजारीच जे. जे. रुग्णालय बांधले गेले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, मोरहेड पहिले प्राचार्य झाले आणि शरीररचना व शल्यविद्या जॉन पीट शिकवू लागले. गोव्यात पोर्तुगिजांनी त्याआधीच, १८४२ मध्ये, पणजीला एस्कोला मेडिको-सिरुर्जिका ही वैद्यकशाळा काढली होती.

कॉलेजला रुग्णालय लागून असणे हा नुसता सोयीचा भाग नव्हता. रुग्ण पाहायला मिळत, आणि जे वारसाशिवाय मरत त्यांचे देह विच्छेदनासाठी मिळत. मुंबईत तेव्हा चारी दिशांनी पोट भरायला माणसे येत होती. गोदीत, बांधकामावर आणि पुढे गिरण्यांत राबत होती. त्यांतली कित्येक आजारी पडत तेव्हा त्यांचे नातलग कोकणात, घाटावर किंवा त्याहून दूर असत. मुंबईच्या डॉक्टरांच्या पिढ्या माणसाचे शरीर शिकल्या त्या बहुतांशी अशा एकट्या मेलेल्या माणसांवर. एवढी गोष्ट कॉलेजांच्या स्मरणिकांत क्वचितच येते, आणि ती यायला हवी.

१८५१ साली पहिले आठ पदवीधर बाहेर पडले: भाऊ दाजी, अनंत चंद्रोबा, आत्माराम पांडुरंग, मेरवानजी सोराबजी, बरजोरजी दोराबजी, सेबास्टियन कार्व्हालो, पॉल फ्रान्सिस गोम्स आणि जुझे कामिलो लिस्बोआ. तीन हिंदू, दोन पारशी, तीन ख्रिस्ती. या यादीकडे नीट पाहिले की विच्छेदनाच्या टेबलाने समाजात काय हलवले ते जाणवते. मूळचे गोव्यातील मांद्रेचे भाऊ दाजी संशोधक आणि समाजधुरीण झाले. आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. लिस्बोआ वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. ज्यांनी तरुणपणी प्रेताला हात लावायचा विटाळ ओलांडला त्यांनी पुढे इतर बंधनेही तपासून पाहिली, असे म्हणायला या आठांपैकी काहींच्या चरित्रांत आधार आहे.

१८५८ साली मुंबईच्या या कॉलेजात शरीररचना शिकवायला एक तरुण इंग्रज आला. त्याचे नाव हेन्री व्हँडाइक कार्टर. जगभर ‘ग्रेज ॲनाटॉमी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथातली ३६३ चित्रे त्याची. मजकूर हेन्री ग्रेचा, विच्छेदन दोघांचे. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात हे काम झाले. त्यासाठीचे देह १८३२ च्या कायद्याने मिळालेले, म्हणजे लंडनच्या गरिबांचे होते. पुस्तक छापून बाहेर पडले तेव्हा कार्टर मुंबईत पोचलेला होता. शीर्षकपानाच्या मुद्रितात त्याच्या नावाखाली मुंबईच्या प्राध्यापकपदाचा उल्लेख होता. ग्रेने स्वतःच्या हाताने तो खोडला. कार्टरला चित्रांचे एकरकमी पैसे मिळाले, पुढच्या आवृत्त्यांवर काहीही नाही. ग्रे १८६१ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी देवीच्या रोगाने वारला. पुस्तकावर नाव मात्र त्याचेच राहिले.

कार्टरच्या चित्रांचे वेगळेपण साधे होते, पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने अमोल. त्याआधीच्या पुस्तकांत अवयवांवर छोटी अक्षरे किंवा आकडे असत आणि त्यांचा अर्थ पानाच्या तळाशी किंवा दुसऱ्या पानावर शोधावा लागे. कार्टरने धमनीचे नाव धमनीच्याच अंगावर, स्नायूचे नाव स्नायूच्याच तंतूंच्या दिशेने लिहिले. डोळा चित्रावरून हलवावा लागत नाही. हाडांच्या चित्रांत कोणता स्नायू कोठे जोडलेला आहे हे त्याने तुटक रेघांनी दाखवले. ज्याच्या एका हातात चिमटा आहे आणि दुसऱ्या हाताला चरबी लागलेली आहे अशा विद्यार्थ्याला हेच हवे असते. मुंबईनंतर कार्टर साताऱ्याला सिव्हिल सर्जन आणि तुरुंगाचा अधीक्षक होता. कुष्ठरोग, पायाला होणारा मायसेटोमा आणि उलटून येणारा ताप यांवर त्याने मोठे संशोधन केले, १८७७ मध्ये तो ग्रँट मेडिकल कॉलेजचा प्राचार्य झाला आणि १८८८ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी गेला. आजवर ज्या पुस्तकाशिवाय वैद्यकीय ग्रंथालय पुरे होत नाही, त्याच्या चित्रकाराने कारकीर्दीची तीन दशके पश्चिम भारतात घालवली, ही गोष्ट मुंबई-साताऱ्याच्या लोकांना माहीत असायला हवी.

डिसेक्शन हॉलमधला क्रम तेव्हापासून फारसा बदललेला नाही. भारतातल्या बहुतेक कॉलेजांत विद्यार्थी आधी हात सोडवतात, मग पाय, मग छाती आणि पोट, आणि शेवटी डोके, मान व मेंदू. सुरुवात काखेपासून होते. छातीवर आणि काखेत छेद घेऊन कातडी परतवली की पिवळी चरबी लागते, तिच्याखाली पांढरट पातळ आवरण, मग छातीचा मोठा स्नायू. तो उलटवल्यावर धाकटा स्नायू दिसतो आणि त्याच्या मागून काखेची धमनी जाते. मानेच्या मणक्यांकडून येणारे मज्जातंतू या धमनीभोवती गुंफलेले असतात. पाच मुळे एकत्र येतात, फुटतात, पुन्हा जुळतात आणि शेवटी त्यांतून हाताला जाणारे मुख्य तंतू निघतात. धमनीच्या पुढच्या बाजूला त्यांचा आकार इंग्रजी एम अक्षरासारखा होतो आणि तो एम सापडला की विद्यार्थ्याला पुढची वाट सापडते. शेजारच्या टेबलावर मात्र तोच एम जरा निराळा असतो. एखाद्या देहात धमनी वरच दुभंगलेली असते, एखाद्यात स्नायूला जादा शीर्ष असते, क्वचित दोन्ही मूत्रपिंडे खालच्या टोकाला जुळून नालेच्या आकाराची झालेली असतात. पुस्तकातले शरीर हे सरासरीचे शरीर असते, रुग्ण तसा असेलच असे नाही. पुढे शस्त्रक्रिया करताना हात सावध राहावा तो यासाठी, आणि ही सावधगिरी टेबलाभोवतीच शिकता येते.

सगळे शरीर महिनोन्‌महिने टिकवून असे शिकणे शक्य झाले ते फॉर्मॅलिनमुळे. १८९३ साली फर्डिनांड ब्लूम या जर्मन वैद्याला फॉर्मॅल्डिहाइडने ऊती घट्ट होतात हे आढळले आणि काही वर्षांत हे द्रावण जगभरच्या विच्छेदन कक्षांत पोचले. मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून ते शरीरात सोडले की रक्तवाहिन्यांच्या वाटेने सर्वत्र पसरते. डोळे चुरचुरवणारा त्याचा वास पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आयुष्यभर आठवतो. त्याआधी उष्ण हवेत घाईघाईने काम उरकावे लागे. सुश्रुताच्या काळी कुजण्याचाच उपयोग करून घ्यावा लागला होता. आता कुजणे थांबवता येऊ लागले. त्यामुळे मेंदूचे पोकळ भाग, कानातली तीन इवलीशी हाडे, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी असे सगळे सावकाश पाहता आले.

हे ज्ञान देशी भाषांत आणण्याचे प्रयत्नही झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६० च्या दशकात मराठी आणि गुजराती वर्ग सुरू झाले. तिथे शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी वैद्यकावर मराठीत लिहिले. पुण्यात १८७८ पासून बी. जे. मेडिकल स्कूल चालू झाले, त्याचे १९४६ मध्ये कॉलेज झाले. आयुर्वेदाकडूनही उत्तर आले. कोलकात्याच्या गणनाथ सेन यांचा ‘प्रत्यक्षशारीरम्’ हा ग्रंथ १९१३ पासून निघू लागला. आधुनिक शरीररचना त्यांनी त्यात संस्कृतात मांडली. बनारस हिंदू विद्यापीठातले भास्कर गोविंद घाणेकर यांनी सुश्रुताच्या शारीरस्थानावर हिंदी टीका लिहून जुने वर्णन आणि आजचे विच्छेदन समोरासमोर ठेवले. आज आयुर्वेद महाविद्यालयांतही विच्छेदन अनिवार्य आहे. खंडित झालेली परंपरा अशा रीतीने पुन्हा सुरू झाली.

सामान्य माणसाच्या मनातली भीती मात्र गेली नव्हती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा ती उघडपणे बाहेर पडली. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे शरीरे कापून त्यातून औषध काढतात, अशा अफवा पसरल्या. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. या लोकांना अडाणी म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण रुग्णालयात बेवारस मेलेल्याचे काय होते हे शहरातल्या गरिबांना ऐकून का होईना माहीत होते. अफवा खोटी होती. तिच्यामागचा अनुभव पूर्ण खोटा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर या व्यवहाराला कायद्याची चौकट मिळाली. १९४९ चा बॉम्बे ॲनाटॉमी ॲक्ट हा भारतातल्या अशा कायद्यांतला सुरुवातीचा. त्याचे नाव आता महाराष्ट्र ॲनाटॉमी ॲक्ट आहे. रुग्णालयात किंवा सार्वजनिक जागी मरण पावलेल्या व्यक्तीवर ठरावीक मुदतीत जवळच्या नातलगांनी हक्क सांगितला नाही तर तिचा देह मान्यताप्राप्त संस्थेला शिकवण्यासाठी देता येतो, ही या कायद्याची मुख्य तरतूद. इतर राज्यांचे कायदेही साधारण याच धर्तीचे आहेत. चौकट उपयोगी होती आणि आहे. तरी तिचे मूळ १८३२ च्या इंग्रजी कायद्यात आहे आणि दोष तोच आहे: ज्याला कोणी नाही त्याच्यावर संमतीशिवाय ही जबाबदारी पडते.

याच व्यवहाराचा अंधारा भाग म्हणजे हाडांचा व्यापार. जगभरच्या वैद्यकीय शाळांतले सांगाडे कित्येक दशके भारतातून, मुख्यतः कोलकात्याहून जात. ही हाडे कोठून येतात हे विचारणारे थोडे होते. १९८५ साली भारत सरकारने मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. देशात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी अजूनही ‘बोन सेट’ वापरतात. तो वरच्या वर्गातल्यांकडून खालच्यांकडे येतो आणि त्या हाडांवर पेन्सिलीने स्नायूंच्या जोडणीच्या खुणा केलेल्या असतात. आता प्लास्टिकचे चांगले सांगाडे मिळतात आणि निदान हाडांपुरते तरी तेच वापरणे योग्य ठरेल.

स्वेच्छेने देह देण्याची चाल गेल्या काही दशकांत रुजली. शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन भारताचे नागरिक झाले होते. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाड्याच्या रंगराय मेडिकल कॉलेजला देण्यात आला. समाजवादी नेते मधू दंडवते २००५ साली वारले, तेव्हा त्यांचा देह मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाला दिला गेला. हेच ते रुग्णालय, जिथे १८४५ पासून बेवारस देहांवर शिक्षण चालत आले होते. मराठवाड्यात जन्मलेले नानाजी देशमुख २०१० साली चित्रकूटला वारले, त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला गेला. राजकीय मते एकमेकांपासून दूर असलेल्या माणसांनी शेवटी एकच निर्णय घेतला. डोंबिवलीच्या दधीचि देहदान मंडळासारख्या संस्थांनी हे काम नेत्यांपुरते न ठेवता शिक्षक, कारकून, निवृत्त कामगार यांच्यापर्यंत नेले. आता अनेक कॉलेजांत पहिल्या दिवशी विद्यार्थी देहाला नमस्कार करून शपथ घेतात. देह आता नाव असलेल्या, स्वतः होकार दिलेल्या माणसाचे येऊ लागले, याचाच हा परिणाम आहे. आभासी विच्छेदनाची डिजिटल टेबले आली आहेत, प्लॅस्टिनेशनने अवयव कायमचे टिकवता येतात, पण खऱ्या ऊतीवर हात बसण्याला या दोहोंचाही पर्याय नाही.

देहदानाचे इच्छापत्र कोणत्याही वैद्यकीय किंवा आयुर्वेद महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात मिळते आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या लागतात. मृत्यूनंतर डॉक्टरचा मृत्यूचा दाखला लागतो आणि देह शक्य तितक्या लवकर पोचवावा लागतो. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत करावे लागते. ते केले तरी देह स्वीकारला जातो. शवचिकित्सा झालेला, पोलीस प्रकरणातला किंवा एचआयव्ही, हेपॅटायटिससारखा संसर्ग असलेला देह सहसा घेतला जात नाही. इच्छापत्र भरलेले असले तरी ऐनवेळी निर्णय जवळच्या नातलगांच्या हाती असतो. त्यांनी कळवले नाही किंवा नकार दिला तर कॉलेज देह नेऊ शकत नाही. म्हणून ज्यांना देह द्यायचा आहे त्यांनी फॉर्म भरण्याआधी घरातल्यांशी बोलून घ्यावे आणि त्याची एक प्रत त्यांच्या हाती द्यावी.